सरावात गेलेल्यांचा हिशेब

२५ ऑगस्ट २०२३ रोजी युक्रेनच्या झितोमिर प्रांतात एल-३९ जातीची दोन प्रशिक्षण विमाने आकाशातच एकमेकांवर आदळली आणि तीन वैमानिक मृत्युमुखी पडले. दीड वर्षापासून तो देश युद्धाच्या आगीत होरपळत होता. आघाडीवरून रोजच मृत्यूच्या वार्ता येत होत्या. अशा काळात आघाडीपासून शेकडो किलोमीटर दूर घडलेल्या एका अपघाताची दखल दोन ओळींत घेऊन पुढे जाणे स्वाभाविक ठरले असते. तसे झाले नाही. सारा देश हळहळला, राष्ट्राध्यक्ष वोलोदिमीर झेलेन्स्की यांना त्याची जाहीर दखल घ्यावी लागली आणि वॉशिंग्टनपासून लंडनपर्यंतच्या वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. याचे कारण त्या तिघांमधील एक नाव. आंद्रिय पिल्शचिकोव्ह. जगाला ते ठाऊक होते ‘ज्यूस’ या संकेतनामाने.

खारकिव्ह शहरात जन्मलेला, तिशीच्या उंबरठ्यावरचा हा तरुण मिग-२९ लढाऊ विमानाचा वैमानिक होता. युद्धाच्या पहिल्या आठवड्यांत राजधानी कीव्हच्या आकाशाची राखण करणाऱ्या ४० व्या सामरिक विमान ब्रिगेडमध्ये ते होते. ‘कीव्हचे भूत’ नावाच्या एका अजिंक्य वैमानिकाची दंतकथा त्या दिवसांत जगभर पसरली होती. असा एकच वैमानिक अस्तित्वात नसून ते या ब्रिगेडच्या सर्व वैमानिकांचे मिळून उभे राहिलेले प्रतीक आहे, असा खुलासा युक्रेनच्या हवाई दलाने एप्रिल २०२२ च्या अखेरीस केला. म्हणजे दंतकथेमागे जी हाडामांसाची माणसे होती, त्यांतलेच पिल्शचिकोव्ह हे एक. रशियाच्या क्षेपणास्त्रांचा आणि अत्याधुनिक लढाऊ विमानांचा सामना करून ते जिवंत परतले आणि सरावाच्या विमानात गेले.

या मृत्यूतील दैवदुर्विलास एवढ्यावर संपत नाही. अमेरिकेने युक्रेनला एफ-१६ विमाने मिळू द्यावीत, यासाठी पिल्शचिकोव्ह यांनी जवळजवळ दीड वर्ष आपली वाणी पणाला लावली होती. उत्तम इंग्रजी बोलणारा आघाडीवरचा वैमानिक म्हणून ते परदेशी वाहिन्यांशी बोलत. जून २०२२ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी ओलेक्सी मेस, संकेतनाम ‘मूनफिश’, थेट वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींना भेटले. मे २०२३ मध्ये अध्यक्ष जो बायडेन यांनी प्रशिक्षणाला अनुकूलता दर्शविली. २० ऑगस्ट रोजी नेदरलँड्स आणि डेन्मार्कने विमाने देण्याचे जाहीर केले. २४ ऑगस्ट रोजी, युक्रेनच्या स्वातंत्र्यदिनी, आपल्या भूमीवरही युक्रेनी वैमानिकांना एफ-१६ चे शिक्षण देऊ, अशी घोषणा पेंटागॉनने केली. दुसऱ्याच दिवशी ज्यूस गेले. ते विमान चालविण्याचे त्यांचे स्वप्न किती मोठे होते, हे हवाई दलाचे प्रवक्ते युरी इहनात यांना त्यांच्या निधनानंतर सांगावे लागले.

एखाद्या माणसाच्या आयुष्यातील हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे खरा. तथापि केवळ हळहळ व्यक्त करून हा विषय संपविणे योग्य होणार नाही. युद्धकाळात वैमानिक सरावात का मरतात, त्या मृत्यूंची नोंद राष्ट्रे कशी ठेवतात आणि त्यांतून काही शिकतात का, हे प्रश्न युक्रेनपुरते मर्यादित नाहीत. भारताचा तर त्यांच्याशी अतिशय निकटचा आणि वेदनादायी संबंध आहे.

प्रथम युक्रेनचे नेमके काय नुकसान झाले ते पाहू. पिल्शचिकोव्ह जे सांगत होते ते भावनिक आवाहन नव्हते. तो तांत्रिक युक्तिवाद होता. मिग-२९ विमानावरील आर-२७ क्षेपणास्त्राची रडारच्या साह्याने जाणारी आवृत्ती डागल्यावर, ते लक्ष्यावर आदळेपर्यंत वैमानिकाला आपल्या रडारची नजर शत्रूवर खिळवून ठेवावी लागते. तेवढा वेळ तो स्वतः शत्रूच्या टप्प्यात अडकून राहतो. याउलट रशियाच्या नव्या विमानांवरील क्षेपणास्त्रे अखेरच्या टप्प्यात स्वतःच लक्ष्य शोधतात. ती दुरून डागून वैमानिकाला पाठ फिरवता येते. ही विषमता शौर्याने भरून निघत नाही, त्यासाठी साधने बदलावी लागतात, हे त्यांचे म्हणणे होते. युद्धशास्त्राची ही बाब सामान्य नागरिकाला आणि परदेशी राजकारण्याला एकाच वेळी समजेल अशा भाषेत मांडणारा माणूस लढणाऱ्या सैन्यात विरळाच असतो. शिवाय एफ-१६ च्या पहिल्या तुकडीसाठी इंग्रजीवर प्रभुत्व असलेले वैमानिक युक्रेनकडे मोजकेच होते. विमाने मिळणार हे निश्चित झाले त्याच सुमारास ती चालविण्यास सर्वाधिक योग्य असलेल्यांपैकी एक माणूस हरपला. विमान विकत मिळते, भेट मिळते, उसनेही मिळते. वैमानिक मात्र वर्षानुवर्षे घडवावा लागतो.

आता मूळ प्रश्न. लढाईत टिकलेला वैमानिक सरावात कसा जातो? याचे उत्तर हवाई युद्धाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. विमान हे यंत्र शांततेतही क्षमा करणारे नव्हे. त्यात युद्धाची घाई मिसळली की धोके एकमेकांत गुंततात. प्रशिक्षणाचा काळ आखडला जातो. अनुभवी वैमानिक आघाडीवर हवे असल्याने शिकविणाऱ्यांची चणचण भासते. विमानांची देखभाल ताणली जाते आणि नवीकोरी विमाने आघाडीला, झिजलेली शिक्षणाला, अशी वाटणी होते. हवामान बरे नसेल तर उद्या उडू, असे म्हणण्याची मुभा राहत नाही. एल-३९ हे चेकोस्लोव्हाकियाचे विमान १९६८ मध्ये प्रथम उडाले आणि सोव्हिएत गटातील वैमानिकांच्या पिढ्यान् पिढ्या त्यावर घडल्या. विमान म्हणून ते विश्वासार्ह मानले जाते. पण दोन विमाने जवळजवळ उडत असताना क्षणभराची दृष्टिआड पुरते. तेथे विमानाचे वय अथवा वैमानिकाचे शौर्य कामी येत नाही.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरला हे सत्य फार मोठी किंमत मोजून उमगले. आघाडीवरून थकून परतलेल्या वैमानिकांना विश्रांती म्हणून शिक्षकाचे काम दिले जाई. जिवाला जपणारे हे शिक्षक विद्यार्थ्याच्या हाती विमान देण्यास कचरत. विमान गिरकी घेऊ लागले तर काय करायचे, हे शिकविण्याऐवजी गिरकी टाळा, असा उपदेश केला जाई. परिणामी विद्यार्थी एकटा उडाला आणि विमान गिरकीत सापडले की त्याचा अंत ठरलेला. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने गॉसपोर्ट येथे ही पद्धत मोडीत काढली. दुहेरी नियंत्रणाच्या विमानात शिक्षकासमवेत बसवून विद्यार्थ्याला मुद्दाम धोकादायक स्थितीत न्यायचे आणि त्यातून बाहेर कसे पडायचे ते त्याच्याच हातून करवून घ्यायचे, हे त्यांचे सूत्र होते. इंजिनाच्या आवाजातही शिक्षकाचे बोलणे विद्यार्थ्याच्या कानी पोहोचावे म्हणून वापरात आलेल्या साध्या नळीला ‘गॉसपोर्ट ट्यूब’ हे नाव पडले. जगभरचे उड्डाणशिक्षण आजही मूलतः याच पायावर उभे आहे. याचा अर्थ असा, की प्रशिक्षणातील मृत्यू हे केवळ नशिबाचे खेळ नव्हते. शिकविण्याची पद्धत बदलताच त्यांतील अनेक टळण्याजोगे होते, हे सिद्ध झाले.

त्याच युद्धात एका भारतीय तरुणाची कथा या मुद्द्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा देते. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय फ्रान्समध्ये दाखल झाल्यावर थोड्याच काळात, ६ डिसेंबर १९१७ रोजी, विमान कोसळून जखमी झाला. उड्डाणास अपात्र ठरविला गेलेला हा नवखा वैमानिक हट्टाने परत आला आणि जुलै १९१८ मध्ये अवघ्या तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. २२ जुलै रोजी तो लढताना मारला गेला तेव्हा त्याचे वय होते १९ वर्षे. मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ मिळविणारा हा तरुण डिसेंबरच्या अपघातातच गेला असता, तर आज त्याचे नाव कोणाला ठाऊक असते? अपघातात गेलेल्या शेकडो मुलांमध्ये असे किती इंद्रलाल होते, हे कधीच कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात हवाई दले अवाढव्य झाली आणि सरावातील मृत्यूंचे आकडेही. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ वायुसैनिक त्या युद्धात मरण पावले. त्यांतील आठ हजारांहून अधिक शत्रूच्या भूमीवर नव्हे, तर प्रशिक्षणात आणि अन्य अपघातांत गेले. अमेरिकेने तर आपल्याच भूमीवर, जेथे शत्रूचे एकही लढाऊ विमान पोहोचले नव्हते तेथे, विमान अपघातांत सुमारे १५ हजार वायुसैनिक गमावले. एखाद्या मोठ्या लढाईत एवढी माणसे गेली असती तर तिच्या नावाने स्मारके उभी राहिली असती. हे मृत्यू मात्र शेकडो गावांच्या शिवारांत, टेकड्यांवर, धुक्यात, एकेक दोनदोन करून विखुरले गेले आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांवर आले नाहीत.

त्यांतील एक मृत्यू मात्र जगाच्या स्मरणात राहिला. ११ डिसेंबर १९४१ रोजी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात, रॉक्सहोम या वस्तीवर, ढगांच्या फटीतून खाली उतरणारे एक स्पिटफायर विमान क्रॅनवेलहून शिक्षणासाठी निघालेल्या ऑक्सफर्ड विमानाला धडकले. स्पिटफायर चालवीत होता जॉन गिलेस्पी मॅगी. अमेरिकन मिशनरी पिता आणि ब्रिटिश माता यांचा शांघायमध्ये जन्मलेला हा मुलगा येल विद्यापीठाची शिष्यवृत्ती बाजूला ठेवून, अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीच, कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला होता. त्याने विमानाबाहेर उडी घेतली. पण हवाई छत्री उघडण्याइतकी उंचीच उरली नव्हती. तो १९ वर्षांचा होता. मृत्यूच्या काही महिने आधी त्याने आईवडिलांना पत्रातून पाठविलेली ‘हाय फ्लाइट’ ही चौदा ओळींची कविता पुढे वैमानिकांच्या जगात जणू प्रार्थनेसारखी म्हटली जाऊ लागली. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ अंतराळयान कोसळल्यावर अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राचे सांत्वन करताना तिच्यातील शब्दांचाच आधार घेतला.

पण त्या दिवशी लिंकनशायरच्या आकाशात दोन तरुण मेले. ऑक्सफर्ड विमानात अर्नेस्ट ऑब्री ग्रिफिन हा शिकाऊ वैमानिक होता. त्याने कविता लिहिल्याची नोंद नाही आणि त्याचे नाव निघते तेही बहुधा मॅगीच्या चरित्रातील तपशील म्हणून. एक अपघात, एकच आकाश. एकाचे नाव अजरामर, दुसऱ्याचे तळटीपेत. झितोमिरच्या अपघाताचेही तेच झाले. ज्यूस यांच्यासमवेत गेलेल्या व्याचेस्लाव मिंका आणि सेर्ही प्रोकाझिन या दोन वैमानिकांची नावे युक्रेनबाहेर किती जणांना सांगता येतील? प्रसिद्धीच्या प्रकाशात आलेला एखादा मृत्यू लक्ष वेधून घेतो हे बरे. पण बाकीच्यांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कवितेची किंवा वाहिन्यांची नसून राष्ट्राची असते.

येथे सन्मानाचा प्रश्न येतो. रणांगणावर आलेला मृत्यू आणि सरावातला मृत्यू यांत समाज नकळत उच्चनीचता मानतो. पहिल्याला वीरमरण, दुसऱ्याला अपघात. कॉमनवेल्थ देशांच्या युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या आयोगाने हा भेद मुळातच नाकारला. सेवेत असताना मृत्यू आला एवढे पुरे. तो कसा आला यावर थडग्याच्या दगडाचा आकार ठरत नाही. स्कॉपविक गावच्या दफनभूमीत मॅगीच्या वाट्याला आलेला दगड युद्धात लढता लढता पडलेल्या सैनिकाच्या दगडासारखाच आहे. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानातही हेच दिसते. रणभूमीपासून दूर, छावण्यांत आणि रुग्णालयांत, आजाराने वा अपघाताने मरण पावलेले कितीतरी सैनिक तेथे एकाच रांगेत, एकसारख्या दगडांखाली विसावले आहेत. भारताच्या नियमांत मात्र आजही दोन वर्ग आहेत. शत्रूच्या कारवाईत अथवा युद्धसदृश मोहिमेत मृत्यू आला तर कुटुंबाला ‘उदारीकृत’ निवृत्तिवेतन मिळते, ते अखेरच्या वेतनाइतके असते. सेवेशी निगडित अन्य अपघातासाठी ‘विशेष’ निवृत्तिवेतन असते, ते ६० टक्के. वर्गवारीला प्रशासकीय कारणे असतील. पण देशाने सोपविलेले विमान देशाच्याच आदेशाने उडविताना गेलेल्या वैमानिकाच्या घरच्यांना हा फरक कोणत्या शब्दांत समजावून सांगायचा?

अर्थात, सन्मानापेक्षाही मोठा प्रश्न आहे तो मृत्यू टाळण्याचा. या बाबतीत भारताचा इतिहास अभिमानास्पद नाही. ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरणारे मिग-२१ हे विमान अननुभवी हातांसाठी नव्हतेच. आणि तरी किरणसारख्या संथ प्रशिक्षण विमानावर शिकलेल्या तरुणांना थेट मिगच्या आसनावर बसविले जात होते. मधली पायरीच नव्हती. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८२ मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. ब्रिटनच्या हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये. पहिली हॉक विमाने बिदर येथे सेवेत दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस आणि अंमलबजावणी यांत सव्वीस वर्षे गेली. ही सव्वीस वर्षे कागदावर फायलींची होती; प्रत्यक्षात ती तरुण वैमानिकांची होती. संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांचे अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक व अन्य सेवांतील आठ जण मरण पावले होते. यांतील प्रत्येक मृत्यू प्रशिक्षणाच्या उणिवेमुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. यंत्रातील बिघाड, पक्ष्यांची धडक, सुटे भाग अशी अनेक कारणे होती. परंतु मधल्या पायरीचा अभाव हे त्यांतील असे कारण होते, जे सर्वांना ठाऊक होते आणि ज्यावरचा उपाय लिहून ठेवलेला होता.

महाराष्ट्राला या विषयाची जखम ठाऊक आहे. १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सुरतगढ येथे मिग-२१ कोसळून फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. अपघाताचे खापर वैमानिकावर फोडले गेले, तेव्हा त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ मुंबईहून त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. स्वतःच्या मुलाचे नाव स्वच्छ करण्यापुरता तो लढा त्यांनी ठेवला नाही. विमानांची सुरक्षितता आणि वैमानिकांचे प्रशिक्षण हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनविला. ‘रंग दे बसंती’ (२००६) या चित्रपटातही मिग कोसळून गेलेल्या वैमानिकाच्या माथी दोष मारला जाण्याचे कथानक आले आणि तोवर लष्करी बाब मानल्या जाणाऱ्या या विषयाला घराघरांत वाचा फुटली. ‘मानवी चूक’ हा शब्दप्रयोग चौकशी अहवालात सोयीचा असतो. तो बहुतेक वेळा अशा माणसाविषयी वापरला जातो, जो आपली बाजू मांडायला हयात नसतो. चूक झालीच असेल, तर ती होण्याइतका ताण, अपुरा अनुभव किंवा सदोष यंत्रणा कोणी निर्माण केली, हा पुढचा प्रश्न विचारल्याखेरीज चौकशी पूर्ण होत नाही.

प्राथमिक प्रशिक्षणाची कथाही फारशी वेगळी नाही. एचपीटी-३२ ‘दीपक’ हे स्वदेशी विमान दोन दशकांहून अधिक काळ नवशिक्यांचे पहिले विमान होते. इंजिन मध्येच बंद पडण्याच्या दोषाने ते कुप्रसिद्ध होते आणि त्यात आपत्काळी बाहेर फेकणारे आसन नव्हते. त्याच्या अपघातांत १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ रोजी दोन प्रशिक्षक मरण पावल्यावर हे विमान कायमचे जमिनीवर उतरविण्यात आले. पर्याय तयार नसल्यामुळे शिक्षणाची सारी घडी विस्कटली. स्वित्झर्लंडची पिलाटस विमाने २०१३ मध्ये आल्यावर ती काहीशी सावरली. ४ डिसेंबर २०२३ रोजी तेलंगणात दुंडिगल अकादमीतून निघालेले पिलाटस विमान कोसळून प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी दोघेही गेले. धोका शून्यावर येत नाही, तो फक्त कमी करता येतो, याचे हे स्मरण होते. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालाने आणखी एक बाब उघड केली. फेब्रुवारी २०१५ मध्ये ४८६ असलेली वैमानिकांची तूट २०२१ च्या अखेरीस ५९६ वर गेली होती. तूट वाढते तेव्हा असलेल्यांवरचा भार वाढतो आणि भार वाढला की चुकांना वाट मिळते. शांततेच्या काळातील हवाई दलही अशा रीतीने युद्धकाळासारख्या घाईत ढकलले जाऊ शकते.

शेजारच्या बांगलादेशात २१ जुलै २०२५ रोजी जे घडले ते या घाईचे भयावह रूप होते. एकट्याने उड्डाण करण्याच्या शिक्षणक्रमावर निघालेल्या तरुण वैमानिकाचे एफ-७ विमान ढाक्यातील माइलस्टोन शाळेवर कोसळले. तीसहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतांश शाळकरी मुले होती. एफ-७ हे मिग-२१ चेच चिनी भावंड. जुन्या सांगाड्याची विमाने, दाट वस्तीने वेढलेले विमानतळ आणि शिकाऊ हात यांचा मेळ बसला, तर सरावातील अपघात हा केवळ लष्कराचा अंतर्गत विषय राहत नाही.

भारतात त्याच वर्षी एप्रिलमध्ये जामनगरजवळ आणि जुलैमध्ये राजस्थानात चुरू जिल्ह्यात जॅग्वार विमाने सरावाच्या उड्डाणात कोसळली आणि तीन वैमानिक गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला निरोप देण्यात आला. सहा दशकांच्या सेवेचा तो सोहळा भावपूर्ण होता आणि तसाच असायला हवा होता. १९७१ चे युद्ध या विमानाविना सांगता येणार नाही. त्यानंतर महिनाही उलटला नसताना, १७ ऑक्टोबर रोजी, नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात एचटीटी-४० या स्वदेशी प्रशिक्षण विमानाच्या दुसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन झाले. ज्या ओझरमध्ये मिग-२१ घडली, त्याच ओझरमध्ये आता नवशिक्यांसाठी, बाहेर फेकणाऱ्या आसनांसह, नवे विमान घडणार आहे. मार्च २०२३ मध्ये अशा ७० विमानांचा ६,८०० कोटींहून अधिक रकमेचा करार झाला. पुरवठ्याचे वेळापत्रक परदेशी इंजिनांअभावी लांबले, ही गोष्ट मात्र दृष्टिआड करून चालणार नाही. प्रशिक्षण विमानाच्या विलंबाची किंमत काय असते, हे १९८२ ते २००८ या काळाने पुरेसे दाखवून दिले आहे.

विमानांइतकीच आवश्यकता आहे ती उघडपणाची. ब्रिटन लष्करी अपघातांवरील चौकशीचे अहवाल, सुरक्षिततेला बाधक मजकूर वगळून, प्रसिद्ध करतो. अमेरिकेच्या हवाई दलातही सुरक्षेसाठीची गोपनीय तपासणी वेगळी आणि जनतेसाठीचा चौकशी अहवाल वेगळा, अशी व्यवस्था आहे. पहिल्यात साक्षीदार शिक्षेच्या भीतीविना बोलतो, दुसऱ्यामुळे कुटुंबाला आणि संसदेला सत्य कळते. भारतात ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’ नेमली जाते, तिची बातमी छापून येते आणि निष्कर्ष सहसा बाहेर येत नाहीत. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालातून २०१७ ते २०२२ या पंचवार्षिक काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाल्याचे समजले. आकडा समजला, पण प्रत्येक अपघातातून कोणता धडा घेतला आणि तो अमलात आला का, हे नागरिकांना समजण्याची सोय नाही. गुप्तता शत्रूपासून राखायची असते. आपल्याच वैमानिकांच्या आईवडिलांपासून ती राखण्याचे कारण सयुक्तिक वाटत नाही.

युक्रेनमध्ये पुढे काय झाले? नोव्हेंबर २०२३ मध्ये रुमानियातील फेतेश्ती येथे एफ-१६ चे युरोपीय प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. ४ ऑगस्ट २०२४ रोजी झेलेन्स्की यांनी ही विमाने आपल्या देशात दाखल झाल्याचे जाहीर केले. ज्यूस यांच्यासमवेत वॉशिंग्टनला गेलेले मूनफिश त्या विमानाच्या आसनावर बसू शकले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी रशियाचा प्रचंड क्षेपणास्त्र हल्ला परतवीत असताना त्यांचे एफ-१६ कोसळले आणि तेही गेले. दोघा मित्रांच्या मृत्यूंमध्ये अंतर होते एक वर्ष आणि एक दिवस. एकाची नोंद सरावात झाली, दुसऱ्याची लढाईत. दोघांनीही एकाच आकाशासाठी प्राण वेचले होते.

सरावात गेलेला वैमानिक लढाईला पोहोचला नाही असे म्हटले जाते. ते खरे नाही. लढाई जिंकण्याची तयारी जेथे होते तेथेच तो पडलेला असतो. त्याच्या मृत्यूला वीरमरणाचे नाव द्यायचे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्याच आसनावर उद्या बसणाऱ्या विशीतल्या मुलाला चांगले विमान, पुरेसा वेळ, अनुभवी शिक्षक आणि आदल्या अपघाताचा खरा अहवाल मिळतो का, हीच त्या मृत्यूची खरी नोंद असते. ती नोंद ठेवायला भारताने उशीर केला आहे. ओझरहून निघणाऱ्या नव्या विमानांबरोबर तिचीही सुरुवात व्हावी.